टोबॅमोव्हायरस: हातांवाटे पसरणारा रोग ओळखायचा कसा आणि रोखायचा कसा

टोमॅटो, मिरची किंवा काकडीच्या कोवळ्या पानांवर फिकट-गडद हिरवे डाग दिसू लागले की पहिली धाव फवारणी पंपाकडे जाते. मावा, पांढरी माशी किंवा फुलकिड्यांनी आणलेला विषाणू असेल तर कीड आटोक्यात ठेवून थोडा तरी उपयोग होतो. टोबॅमोव्हायरस या प्रजातीतल्या विषाणूंपुढे मात्र कुठलंच कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा टॉनिक चालत नाही. त्यांना पसरायला रस शोषणारी कीड लागतच नाही. बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारा फुटवा, खुडणारं बोट, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारी कात्री, वेल बांधायची सुतळी, ओळीतून चालताना पानांना घासणारी बाही, एवढं त्यांना पुरतं. आणि एकदा लागण झाली की ते झाड बरं करणारं औषध नाही.

हे वाचून हातपाय गाळायचं कारण नाही. ज्या रोगाचा मुख्य वाहक आपणच आहोत, तो रोखणंही बऱ्याच अंशी आपल्याच हाती असतं. पॉलिहाऊस असो, शेडनेट असो, उघड्यावरचं शेत असो की घरामागची चार झाडं, पुढची पद्धत सगळीकडे लागू पडते. फक्त प्रमाण बदलतं.

## आधी विषाणूचा चिवटपणा समजून घ्या

टोबॅको मोझॅक व्हायरस, म्हणजे टीएमव्ही, हा विज्ञानाने ओळखलेला पहिला विषाणू. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रस रोग देतच राहिला. १८९८ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्टिनस बायरिंक यांनी हे जिवाणूंपेक्षा वेगळंच काहीतरी आहे असं मांडलं. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी याच विषाणूचे स्फटिक मिळवले. ते पाण्यात विरघळवून पानाला चोळले की रोग पुन्हा हजर! बाग सांभाळणाऱ्याने या इतिहासातून एवढंच घ्यावं: जो विषाणू स्फटिक होऊनही रोग देतो, तो कात्रीच्या पात्यावर वाळला म्हणून मरत नाही.

टीएमव्हीचा कण म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी ताठ काडी. आत आरएनएचा, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती वाहणाऱ्या रेणूचा, एक धागा, आणि त्याभोवती एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे २,१३० तुकडे चक्राकार जिन्यासारखे घट्ट रचलेले. सगळा चिवटपणा या आवरणाचा. रोगट रस दहा लाख पट पातळ केला तरी त्यातून लागण होऊ शकते, आणि रसातला विषाणू निकामी करायला ९० अंश सेल्सिअसच्या वर दहा मिनिटं तापवावं लागतं. वाळलेल्या पानांत तो वर्षानुवर्षं टिकतो. काच, प्लास्टिक, लोखंडावर कित्येक आठवडे ते महिने. म्हणून ‘कात्री फडक्याने पुसली’, ‘ट्रे उन्हात ठेवला’ यावर समाधान मानू नका.

आता बगलफूट मोडताना नेमकं काय घडतं ते जवळून पाहा. टोमॅटोच्या खोडावर बारीक लव असते. बोट टेकलं की त्यातले काही केस मोडतात आणि फूट ओढताच पानाच्या बगलेत ओली जखम उघडी पडते. काही झाडं झाली की अंगठ्यावर हिरवट-काळा चिकट थर चढतो. तो मुख्यतः लवेतल्या स्रावाचा असतो, पण फुटलेल्या पेशींचा रसही त्यात मिसळलेला असतो. आधीच्या एखाद्या झाडात विषाणू असेल तर तो या थरातून पुढच्या झाडाच्या जखमेत उतरतो. पेशीत शिरल्यावर प्रथिनाचं आवरण सुटतं, आरएनए मोकळा होतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. विषाणूचं एक खास प्रथिन पेशींमधल्या सूक्ष्म वाटा रुंद करतं. त्या वाटांनी तो शेजारच्या पेशीत जातो, अन्नरसवाहिन्या गाठतो आणि मुळं व वाढत्या शेंड्यांपर्यंत पोचतो. डोळ्यांना लक्षण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, थंड हवेत आणखी जास्त.

या मधल्या काळात ते झाड निरोगी दिसतं आणि रोग मात्र पसरवत असतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघाल्या आहेत. ‘रोगट झाडाला हात लावल्यावर हात धुवा’ हा सल्ला अपुरा आहे, कारण रोगट झाड कोणतं हे त्या वेळी तुम्हाला माहीतच नसतं.

## कोणत्या पिकाला कोणता

प्रजातीत तीसहून जास्त जाती आहेत. भाजीपाल्याच्या दृष्टीने चार लक्षात ठेवा. टीएमव्ही तंबाखू, टोमॅटो, मिरची आणि पेटुनियासारख्या फुलझाडांवर येतो. टोमॅटो मोझॅक व्हायरस हा त्याचा जवळचा नातलग. मिरची आणि ढोबळी मिरचीवर पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. काकडी, कलिंगड, खरबूज, दुधी अशा वेलवर्गीय पिकांवर कुकुंबर ग्रीन मॉटल मोझॅक व्हायरस, ज्याचं वर्णन इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये झालं. ऑर्किड जोपासणाऱ्यांना ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट व्हायरस माहीत असेल, तोही याच कुळातला.

पाचवा तुलनेने नवा आहे, आणि सध्या सगळ्यात जास्त काळजी त्याचीच: टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस. २०१४-१५ च्या सुमारास तो इस्रायल आणि जॉर्डनमधल्या हरितगृहांत आढळला आणि त्यानंतर काही वर्षांत अनेक खंडांत पोचला. टोमॅटोतलं टीएम-२² हे प्रतिकारक जनुक कित्येक दशकं टीएमव्ही आणि टोमॅटो मोझॅक व्हायरसला रोखून होतं. या नव्या विषाणूने तो अडथळा ओलांडला.

हे विषाणू माणसाला किंवा जनावरांना रोग देत नाहीत. पेपर माइल्ड मॉटल व्हायरस तर मिरचीच्या पदार्थांतून पोटात जाऊन सुखरूप बाहेर पडतो, इतका की पाण्यात मैला मिसळला आहे का हे तपासायला शास्त्रज्ञ त्याचाच माग काढतात. लागण झालेली फळं खाण्यात धोका नाही. पण दुसरीकडून आणलेले टोमॅटो-मिरच्या हरितगृहात बसून खाल्ल्या तर त्यांच्यावरचा विषाणू हातावाटे झाडांपर्यंत जाऊ शकतो. जेवणाची जागा लागवडीपासून वेगळी ठेवा.

## पान वाचायला शिका

पाहणी सकाळी करा. ऊन तिरपं असताना शेंड्याजवळची दोन-तीन कोवळी पानं उजेडाच्या विरुद्ध धरून बघा, हात न लावता बघता आलं तर उत्तम. मोझॅकमध्ये फिकट आणि गडद हिरवे तुकडे एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि त्यांना शिरांची शिस्त नसते. गडद भाग कधी कधी फोडासारखे उचललेले असतात. पुढे पानं अरुंद होतात, टोमॅटोत काही वेळा नेच्याच्या पानांसारखी. रुगोज विषाणूत फळांवर पिवळे डाग, खडबडीत तपकिरी चट्टे आणि सुरकुत्या येतात. देठाच्या हिरव्या पाकळ्या आणि फुलांचे दांडेही तपकिरी पडतात. कलिंगडात पानांवर फारसं दिसत नाही, पण फळ कापल्यावर गर मऊ, स्पंजासारखा, मळकट रंगाचा निघतो.

नुसत्या पानावरून निदान करू नका. कुकुंबर मोझॅक व्हायरस हा टोबॅमोव्हायरस नव्हे, तो माव्यामुळे येतो आणि तोही पानं दोरीसारखी अरुंद करतो. पांढऱ्या माशीने आणलेल्या लीफ कर्लमध्ये, म्हणजे बोकड्यात, पानं वर वळतात आणि झाड खुजं राहतं. फुलकिड्यांच्या विषाणूत तांबूस ठिपके आणि फळावर वर्तुळं उमटतात. कोळी लागला असेल तर शेंडा कडक होतो आणि पानाची खालची बाजू तांबूस चकाकते. २,४-डी तणनाशकाचा झोत आला तर एकाच वेळी बऱ्याच झाडांची पानं अरुंद होतात आणि शिरा समांतर दिसतात. मॅग्नेशियम किंवा लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, आणि हे बहुतेक झाडांवर सारखंच दिसतं.

मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती पानावर नसते, ओळीत असते. रोगट झाडं कुठे आहेत ते कागदावर आखून बघा. कीड विषाणू आणते तेव्हा झाडं सहसा कडेला किंवा इथे-तिथे विखुरलेली सापडतात. टोबॅमोव्हायरस एकाच ओळीत सलग चालतो, ज्या दिशेने माणूस काम करत गेला त्या दिशेने. आठ-दहा झाडं एकापाठोपाठ आणि शेजारची ओळ स्वच्छ, असं चित्र दिसलं तर संशय पक्का धरा.

## खात्री करून घ्या

शेतात लगेच उत्तर हवं तर चाचणी पट्टी वापरा. शेंड्याजवळचं लक्षण दिसणारं कोवळं पान घ्या. जुन्या, वाळत आलेल्या पानावरचा निकाल भरवशाचा नसतो. रुगोज विषाणूचा संशय असेल तर फळाच्या देठाकडच्या हिरव्या पाकळ्याही चांगला नमुना ठरतात. किटमधल्या पिशवीत पान द्रावणासह चुरडून पट्टी बुडवली की काही मिनिटांत रेषा उमटतात. नियंत्रण रेषा आलीच नाही तर ती चाचणी रद्द समजा. दोन्ही रेषा आल्या तर टोबॅमोव्हायरस आहे असं धरून चाला, पण कोणता हे पट्टी नेहमी नक्की सांगू शकत नाही. यांच्या आवरणातली प्रथिनं इतकी सारखी असतात की टीएमव्हीची पट्टी टोमॅटो मोझॅक किंवा रुगोज विषाणूलाही प्रतिसाद देऊ शकते. जात ठरवायला प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी लागते. नमुना पाठवताना प्रत्येक झाडाचा वेगळ्या पिशवीत भरा, प्रत्येक नमुन्यासाठी नवा हातमोजा वापरा आणि निरोगी वाटणाऱ्या झाडाचा एक नमुनाही सोबत द्या.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर एक जुनी, सुंदर पद्धत आहे. १९२९ मध्ये फ्रान्सिस होम्स यांनी दाखवलं की निकोटियाना ग्लुटिनोसा या रानतंबाखूच्या पानावर टीएमव्हीचा रस चोळला की विषाणू पसरण्याऐवजी तिथेच मेलेल्या पेशींचे ठिपके पडतात. ती अशी करा:

१. संशयित पान त्याच्या दहापट फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), सामू सुमारे ७, खलबत्त्यात वाटा.
२. रानतंबाखूच्या पूर्ण उघडलेल्या पानावर कार्बोरंडम या कठीण पदार्थाची अगदी बारीक पूड भुरभुरवा. तिच्यामुळे पानावर सूक्ष्म ओरखडे पडतात.
३. रसात बोट बुडवून पानावर हलकेच फिरवा. जोर दिला तर पान फाटतं आणि ठिपके वाचता येत नाहीत.
४. काही मिनिटांनी पान पाण्याने धुवा आणि रोप सावलीत ठेवा.
५. दुसऱ्या पानावर नुसता बफर, तिसऱ्यावर निरोगी झाडाचा रस चोळा. हे दोन नसतील तर चाचणीला अर्थ नाही.

दोन ते चार दिवसांत तपकिरी गोल ठिपके आले तर उत्तर मिळालं. तापमान २८ अंशांच्या खाली ठेवणं महत्त्वाचं, कारण त्यावर गेलं की या झाडाचं प्रतिकारक जनुक काम करेनासं होतं आणि ठिपक्यांऐवजी विषाणू झाडभर पसरतो. ही पद्धत टीएमव्हीसाठी उत्तम आहे. प्रजातीतल्या दुसऱ्या जातींचा प्रतिसाद वेगळा असू शकतो.

## बियाणं

नव्या जागी विषाणू पोचण्याचा मोठा मार्ग बियाणं. तो बहुधा बियाच्या टरफलावर चिकटलेला असतो, कधी आतल्या अन्नसाठ्यात शिरलेला असतो, पण अंकुरात नसतो. उगवताना टरफलाचा चुरा कोवळ्या मुळाला किंवा बीजदलाला घासला, किंवा पुनर्लागवडीत मुळं दुखावली की लागण होते. प्रमाण सहसा कमी असतं. पण हजारात एक रोप जरी रोगट निघालं, तरी दहा हजार रोपांत दहा ठिकाणाहून सुरुवात झाली, आणि पुढचं काम आपले हात करतात.

विकत घेताना त्या लॉटची चाचणी झाली आहे का ते विचारा आणि नमुन्यात किती बिया होत्या तेही विचारा. ३,००० बिया तपासल्या तर हजारात एक इतकी कमी लागणही पकडली जाण्याची शक्यता ९५ टक्के असते. शंभर बियांवर दिलेल्या ‘रोगमुक्त’ दाखल्याला मी किंमत देणार नाही.

घरचं बियाणं धरत असाल तर प्रक्रिया कराच. १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटचं द्रावण करा, म्हणजे एक लिटरमध्ये १०० ग्रॅम. हातमोजे आणि चष्मा घाला, हे द्रावण कातडी भाजतं. पापुद्रा आणि गर पूर्ण काढलेल्या बिया त्यात अर्धा तास बुडवा, मधूनमधून हलवत राहा, मग वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा. वाळवायला ठेवताना जुना कागद किंवा जुनी चाळणी नको, नाहीतर धुतलेल्या बिया पुन्हा त्याच रसात पडतील. ही प्रक्रिया टरफलावरचा विषाणू काढते, आत शिरलेला नाही. आतल्यासाठी कोरडी उष्णता वापरतात: पूर्ण वाळवलेल्या बिया ७० ते ७२ अंशांवर तीन दिवस. बियांत ओल राहिली असेल किंवा बियाणं जुनं असेल तर उगवण मार खाते. म्हणून आधी थोड्या बियांवर करून उगवण मोजा, मगच उरलेला लॉट घाला. तापमान नेमकं राखणारं उपकरण नसेल तर या वाटेला जाऊ नका.

## पाकिटावरचे संकेत

बियाण्याच्या पाकिटावर ‘टीओएमव्ही ०-२’ असं असेल तर तो वाण टोमॅटो मोझॅक विषाणूच्या त्या प्रकारांना प्रतिकारक आहे. मिरचीवर ‘टीएम ०-३’सारखा संकेत मिरचीतल्या ‘एल’ नावाच्या प्रतिकारक जनुकांचा, आकडा जितका मोठा, तितके जास्त विषाणूप्रकार अडवले जातात. यातला कुठलाही संकेत रुगोज विषाणूपासून टोमॅटोला वाचवत नाही, त्यासाठी त्या विषाणूचं नाव वेगळं लिहिलेलं हवं. आणि ‘उच्च प्रतिकार’ व ‘मध्यम प्रतिकार’ यांत फरक करा. मध्यम प्रतिकाराच्या झाडात विषाणू राहू शकतो, लक्षणं मात्र फिकी दिसतात. असं झाड साध्या वाणाशेजारी लावलं तर ते लागणीचं लपलेलं ठिकाण बनतं. एका हरितगृहात दोन्ही मिसळू नका.

## रोपवाटिका

ट्रे नवे असतील तर प्रश्न नाही. जुने असतील तर आधी ब्रश आणि साबणाने माती, मुळांचे धागे, शेवाळ सगळं काढा आणि मगच जंतुनाशकात बुडवा. कोकोपीट दुसऱ्यांदा वापरू नका. रोपं दाट असताना एकमेकांना घासतात, म्हणून विरळणी आणि ट्रे हलवणं कमीत कमी ठेवा. कलमी रोपं करत असाल तर ही अख्ख्या साखळीतली सगळ्यात धोक्याची जागा आहे: एकाच पात्याने शेकडो ताज्या जखमा. खुंट आणि डोळा दोन्ही लॉटमधली रोपं कलमाआधी तपासा आणि पातं ठरावीक अंतराने नाही, प्रत्येक ट्रेनंतर तरी बदला.

## हात, कात्री आणि कामाचा क्रम

सगळी मेहनत इथे घाला. बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल.

क्रम ठरवा आणि तो कधीच उलटवू नका. दिवसाची सुरुवात सगळ्यात लहान आणि स्वच्छ लागवडीपासून, शेवट संशयित ओळींवर. एकदा जुन्या पिकात गेलेला माणूस कपडे बदलल्याशिवाय त्या दिवशी रोपवाटिकेत परत येणार नाही, हा नियम मालकालाही लागू. खरं तर मालक, सल्लागार आणि पाहुणे हेच बहुतेकदा नियम मोडतात, कारण त्यांना ‘फक्त बघायचं’ असतं आणि बघता बघता पान हातात येतं. मोठ्या जागेत प्रत्येक माणसाला ठरलेल्या ओळी द्या. रोग आला तरी त्या ओळींपुरता अडकण्याची शक्यता वाढते आणि माग काढणं सोपं जातं.

हात साबणाने एक मिनिट घासून धुवा, नखांखालीही. साबण विषाणूला मारतो म्हणून नाही, चिकट रसासकट धुऊन काढतो म्हणून. बगलफूट काढताना आणि बांधणी करताना हात दुधाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत खरोखर उपयोगी आहे. साय काढलेल्या दुधाची पावडर घ्या आणि २० टक्के द्रावण करा, म्हणजे एक लिटरमध्ये २०० ग्रॅम. दुधातली प्रथिनं विषाणूच्या कणांना वेढतात आणि लागण होऊ देत नाहीत. झाडाला इजा नाही, कातडीला त्रास नाही. द्रावण हिरवं, गढूळ झालं की ओतून नवं करा.

कात्री आणि सुऱ्या दोन ठेवा. एक कामात, दुसरी द्रावणात. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येक पात्याला भिजायला वेळ मिळतो. घरगुती ब्लीचमध्ये ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घातलं की पुरेसं द्रावण होतं. पात्याला किमान एक मिनिट द्या. ते रोज ताजं करा, कारण रस आणि मातीने त्याची ताकद झपाट्याने जाते. लोखंड गंजतं, तेव्हा संध्याकाळी पातं धुऊन तेल लावा. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. गंज नको असेल तर व्हर्कॉन एस या जंतुनाशकाचं २ टक्के द्रावण चांगलं काम करतं. अल्कोहोलवर भिस्त ठेवू नका. हातांच्या सॅनिटायझरची सवय झाल्याने अनेक जण तेच पात्यावर उडवतात, आणि हा विषाणू त्यातून वाचू शकतो.

शक्य तिथे कात्री टाळाच. टोमॅटोची कोवळी बगलफूट टोकाला धरून बाजूला वाकवली की तुटते आणि बोट जखमेला लागत नाही. फूट बोटभर लांब असतानाच काढली तर जखम लहान राहते. झाडं ओली असताना काम करू नका.

सुतळी आणि क्लिप पुन्हा वापरू नका. ही बचत महाग पडते, कारण क्लिपच्या दातात अडकलेला वाळका रस धुऊन निघत नाही. कपडे जागेवरच ठेवा आणि गरम पाण्यात डिटर्जंटने धुवा. मोबाइल हे न धुतलं जाणारं अवजार आहे. पारदर्शक पिशवीत घाला आणि ती पिशवी रोज टाका. तंबाखू किंवा सिगारेट वापरणाऱ्याने लागवडीत येण्याआधी हात धुवावेत, वाळलेल्या तंबाखूतही जिवंत टीएमव्ही असू शकतो.

परागीभवनासाठी भुंगमाश्यांच्या पेट्या वापरत असाल तर एक भर. या माश्या फुलाला धरून गुणगुणतात तेव्हा त्यांच्यामार्फत रुगोज विषाणू पुढच्या फुलावर जातो. मधमाश्यांनी कुकुंबर ग्रीन मॉटल मोझॅक व्हायरसचा प्रसार केल्याचंही दिसलं आहे. एका हरितगृहातली पेटी दुसऱ्या हरितगृहात हलवू नका आणि जुनी पेटी नव्या पिकाला लावू नका.

## रोगट झाड सापडलं तर

लगेच उपटू नका. त्या झाडाशी आणि दोन्ही बाजूंच्या झाडांशी रंगीत पट्टी बांधून ओळ बंद करा. उपटायचं काम दिवसाच्या अगदी शेवटी ठेवा. मोठी पिशवी झाडावरून वरून खाली ओढा, बुंधा कापा आणि झाड पिशवीतच बांधून बाहेर काढा. ओळीतून फरफटत नेलेलं झाड वाटेतल्या प्रत्येक झाडाला घासतं. मुळं शक्य तेवढी खणून काढा. माझ्या मते दोन्ही बाजूंची दोन-तीन झाडं, निरोगी दिसत असली तरी, त्याच वेळी काढावीत. मन कचरतं, पण लक्षण दिसायला लागणाऱ्या दोन आठवड्यांचा हिशेब इथे लागू होतो. काढलेला माल कंपोस्टात टाकू नका, घरगुती ढिगाची उष्णता याला पुरत नाही. जाळणं शक्य आणि कायदेशीर असेल तर जाळा, नाहीतर लागवडीपासून दूर खोल पुरा. पुढचे तीन आठवडे त्या ओळीची पाहणी दर दोन-तीन दिवसांनी.

लागण सगळीकडे पसरली असेल तर एकेक झाड काढण्यात अर्थ उरत नाही. मग पीक लवकर संपवायचं की येईल तेवढं उत्पन्न घ्यायचं हे ठरवा. शेजारी नवी लागवड होणार असेल तर मी लवकर संपवायच्या बाजूने आहे. काही देशांत रुगोज विषाणू कळवणं कायद्याने बंधनकारक असतं किंवा होतं, तेव्हा आपल्या भागातला सध्याचा नियम पीक संरक्षण विभागाकडून आधीच माहीत करून घ्या.

## पाणी

निचऱ्याचं पाणी पुन्हा ठिबकला देत असाल तर मुळांतून सुटलेला विषाणूही फिरतो. ते पाणी ९५ अंशांवर ३० सेकंद तापवणं किंवा गाळून अतिनील किरणांची पुरेशी मात्रा देणं हे उपाय आहेत. विषाणूंसाठी साधारण २५० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर धरतात, बुरशीसाठी लागते त्याहून बरीच जास्त. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत, म्हणून गाळणी आधी.

## पीक संपल्यावर

आधी सगळा हिरवा आणि वाळका माल बाहेर, गळलेली फळं आणि सुतळीचे तुकडे धरून. मग झाडलोट, मग डिटर्जंटने धुणं, आणि सगळ्यात शेवटी जंतुनाशक. हा क्रम उलटा केला तर जंतुनाशक घाणीवरच खर्च होतं. खांब, तारा, ठिबकच्या नळ्या, ट्रॉलीची चाकं आणि दाराच्या कड्या वेगळ्या आठवणीने घ्या. पृष्ठभाग दहा मिनिटं तरी ओले राहू द्या.

मातीत मुळांचे अवशेष असेपर्यंत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, कधी वर्षाहून अधिक. शक्य तितकी मुळं काढा आणि मधे तृणधान्याचं एखादं पीक घ्या. कांगोणी आणि चाकवत यांसारखी तणं यातल्या काही विषाणूंना आसरा देतात, ती बांधावरूनही काढा.

पुढच्या लागवडीत जिथे आधी रोग होता त्या जागी लावलेली रोपं सगळ्यात आधी तपासा. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला त्या भागातली काही झाडं चाचणी पट्टीवर तपासा, लक्षण नसलं तरी. ओळ क्रमांक, तारीख, निकाल आणि त्या दिवशी तिथे कोणी काम केलं ते नोंदवहीत लिहा. दुसरीकडे कुठे संशय आला तर माग याच नोंदींवरून काढता येईल.